यण्णीमज्जनाचे तेल आणि आपल्या घरातील बाटली

मकरसंक्रांत जवळ आली की सोलापूरकरांचे चित्त दुसऱ्या कशात लागत नाही. ग्रामदैवत श्री सिद्धरामेश्वरांचे सात नंदीध्वज हिरेहब्बू वाड्यातून निघतात, पांढऱ्या बाराबंदीतील भक्तजन त्यांच्यामागे लोटतात आणि अक्षता सोहळ्याच्या आदल्या दिवशी नगराच्या पंचक्रोशीतील ६८ शिवलिंगांची प्रदक्षिणा घडते. लिंगापाशी थांबावयाचे, तैलाभिषेक करावयाचा आणि पुढे जावयाचे, असा हा क्रम. कुंभारकन्येच्या विवाहाची कथा व संमती कट्ट्यावर पडणाऱ्या अक्षता सर्वांच्या मुखी असतात. परंतु त्या मंगलकार्याआधी एक तैलस्नान आहे, याकडे आपले लक्ष जरा कमीच जाते. लग्नघरी वधूवरांना हळद-तेल लावतात, त्याच कुळातला हा विधी असावा, असे आम्हांस नेहमी वाटत आले आहे.

या विधीचे नाव यण्णीमज्जन. कानडीत तेलाला ‘एण्णे’ म्हणतात आणि मज्जन म्हणजे स्नान. ‘एण्णे’ या शब्दाची फोड भाषाशास्त्रज्ञ ‘एळ्’ म्हणजे तीळ आणि ‘नेय्’ म्हणजे स्निग्ध द्रव्य अशी करतात. तेलुगूतील ‘नूने’ या शब्दाच्या पोटातही तीळच आहे. आपला मराठी ‘तेल’ हा शब्द संस्कृत ‘तैल’ शब्दावरून आला आणि तैल म्हणजे तिळापासून निघालेले. सोलापुरात या तिन्ही भाषा एकाच चाळीच्या जिन्यावर कानी पडतात; शेजारणी एकमेकींच्या भाषेत हाका मारतात. या तिन्ही भाषांनी तेलाला तिळावरूनच नाव द्यावे, ही गोष्ट तीळगुळाच्या दिवशी ध्यानी घेण्याजोगी खचितच आहे. भोगीला तीळ वाटून अंगाला लावावेत, तीळ लावलेली बाजरीची भाकरी करावी, दुसऱ्या दिवशी तीळगूळ वाटावा. अंगाला लावण्याचा पदार्थ आणि मुखी घालण्याचा पदार्थ यांत आपल्या सणांनी फारसे अंतर ठेवलेच नाही.

आता घरातील न्हाणीघराच्या फळीकडे वळू. तेथे ‘तेल’ म्हणून उभी असलेली बाटली उचलावी. बाहेरच्या कागदावर बदाम असेल, आवळा असेल, जाईची फुले असतील. बाटली उलटी करून बारीक अक्षरांतील घटकांची यादी वाचावी. ही यादी कशीही छापलेली नसते. जो घटक प्रमाणाने सर्वांत अधिक, त्याचे नाव प्रथम, असा उतरता क्रम कायद्याने ठरवून दिलेला आहे. एक टक्का वा त्याहून कमी प्रमाणाचे घटक तेवढे शेवटी कोणत्याही क्रमाने येऊ शकतात. अनेक बाटल्यांवर ते पहिले नाव बदामाचे नसते. ते असते ‘लाइट लिक्विड पॅराफिन’ किंवा ‘मिनरल ऑइल’. तान्ह्या बाळांसाठी म्हणून विकले जाणारे तेलही पुष्कळदा हेच खनिज तेल असते, वर थोडा सुगंध शिंपडलेला. मुलायमपणासाठी लावावयाच्या मलमांच्या यादीत ‘पेट्रोलेटम’ आढळते, ओठांच्या लालीत ‘मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्स’ आढळते. नावे निरनिराळी असली तरी घराणे एकच. जमिनीखालून काढलेल्या कच्च्या तेलातून मोटारीचे पेट्रोल, कंदिलाचे रॉकेल, रस्त्याचे डांबर निघते. त्याच तेलाचा गाळून, धुऊन, रंग व वास काढून शुभ्र केलेला हा एक भाग. पेट्रोलियम या शब्दाचा लॅटिन भाषेतील अर्थच मुळी ‘खडकाचे तेल’ असा आहे.

ही वस्तू माणसाच्या अंगावर प्रथम कशी आली, तो इतिहास मनोरंजक आहे. १८५९ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया राज्यात टायटसव्हिल येथे तेलाची विहीर लागली. रॉबर्ट चेसब्रो नावाचा तरुण रसायनज्ञ ती पाहावयास गेला. विहिरीतील दांड्यांवर मेणासारखी काळपट साय जमे व कामगारांना ती खरवडून टाकावी लागे. मात्र भाजल्या-कापल्यावर तेच कामगार ती जखमेवर फाशीत. चेसब्रोने ती साय शुद्ध करून पांढरी जेली बनविली आणि १८७२ साली तिचे पेटंट मिळविले. पुढे ती जगभर घरोघरी गेली. टाकाऊ सायीचे सोने झाले, असे म्हणावयास हरकत नाही.

येथे आम्ही एक गोष्ट स्पष्टच सांगतो, कारण सणाच्या पानावर भय पसरविणे आम्हांस रुचत नाही. नीट शुद्ध केलेले खनिज तेल किंवा पेट्रोलियम जेली म्हणजे विष नव्हे. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने कच्च्या वा अर्धवट शुद्ध केलेल्या खनिज तेलांना कर्करोगकारक ठरविले आहे. अतिशुद्ध तेलांना मात्र तिने त्या वर्गात घातलेले नाही. त्वचेतील पाणी उडू न देण्याच्या कामी पेट्रोलियम जेलीची बरोबरी करणारी द्रव्ये थोडीच आहेत, हेही त्वचारोगतज्ज्ञ मान्य करतात. थंडीने फुटलेल्या टाचांना ती लावणाऱ्या कष्टकरी भगिनींना आम्ही दोष देणार नाही. आपल्या शहरात हजारो स्त्रिया दिवसभर बसून विड्या वळतात; त्यांच्या तडकलेल्या बोटांना स्वस्तातील एका लहान डबीचा आधार असेल, तर तो काढून घेण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला?

मग आमचे म्हणणे तरी काय? पहिले म्हणणे नावाविषयी आहे. खनिज तेल हे दिसावयास तेलासारखे असले तरी गुणाने तेल नव्हे. तीळ, करडई, खोबरे यांची तेले स्निग्ध आम्लांची बनलेली असतात. कॉस्टिक सोड्यात घातली की त्यांचा साबण होतो. खनिज तेलाचा साबण होत नाही. ते खवट होत नाही, कारण खवट होण्यासारखे त्यात काही नाही. त्याला वास नाही, रंग नाही, ते थिजत नाही. व्यापाऱ्याला याहून सोयीचा माल कोणता? वर्षभर दुकानात पडून राहिला तरी बिघडत नाही, आणि भावानेही बदामाच्या तेलाच्या कितीतरी खाली. सोय आहे हे खरे. परंतु बदामाचे चित्र दाखवून खडकाचे तेल द्यावयाचे आणि खरे नाव बाटलीच्या पाठीवर मुंगीएवढ्या अक्षरांत छापावयाचे, हा व्यवहार कायद्यात बसत असेल, तरी गृहिणीशी तो सरळ नाही.

देवाच्या तेलाच्या बाबतीत तर हा प्रश्न यापूर्वीच ऐरणीवर आला आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील शनिशिंगणापूर येथे स्वयंभू शिळेवर शतकानुशतके तेल वाहिले जाते. भेसळीच्या, रसायनमिश्रित तेलाने शिळेची झीज होत असल्याच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा देवस्थान व ग्रामसभेने निर्णय घेऊन १ मार्च २०२५ पासून खाद्य प्रतीच्या शुद्ध तेलानेच अभिषेक व्हावा, असा नियम केला. भाविकांनी आणलेले कसलेही सुटे तेल चालणार नाही, असे तेथे ठरले. जे आपण खात नाही ते देवालाही वाहू नये, असाच याचा अर्थ होतो. नाहीतर आपल्याकडे बाजारात ‘पूजेचे तेल’ म्हणून ज्या बाटल्या मिळतात, त्यांवर ‘खाण्यासाठी नाही’ अशी सूचना छापलेली असते आणि आपण ती न वाचताच देवघरात नेतो. नैवेद्याच्या वाटीत आपण असे काही ठेवले असते काय?

शिळेला लागू केलेला हा नियम देहाला का लागू करू नये, एवढाच आमचा प्रश्न आहे. जे पोटात चालेल तेच अंगाला लावावे, हा आजीबाईंचा दंडक होता. १८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने करविषयक एका जुन्या वादात निकाल दिला की, लहान बाटलीत भरलेले शुद्ध खोबरेल तेल हे खाद्यतेलच होय. केशतेल म्हणून विकण्यासाठी तसा शिक्का मारला असेल तरच ते केशतेल. विद्वान न्यायमूर्तींपुढे प्रश्न कराचा होता, परंतु निकाल वाचताना आम्हांस आपल्या स्वयंपाकघरातील ती एकच बरणी आठवली, जिच्यातून फोडणीही होई आणि मुलीची वेणीही.

याच न्यायाने सोलापूरच्या मातीतील तेल कोणते, असे विचारले तर उत्तर करडई. वाचकांपैकी ज्यांचे गाव मंगळवेढा, बार्शी, मोहोळ वा अक्कलकोटकडे असेल, त्यांना वेगळे सांगावयास नको. काळ्या रानात रब्बीची ज्वारी पेरताना कडेने करडईचे पाटे टाकण्याची रीत होती. झाडाला काटे, म्हणून गुरे आत शिरत नसत. मुळे खोल जाणारी, म्हणून पाऊस नसतानाही पीक तग धरी. कोवळ्या पानांची भाजी होई, बियांचे घाण्यावर तेल निघे, उरलेली पेंड गोठ्यात जाई. आज संक्रांतीच्या सुमारास कोणी त्या बाजूला गेले तर उरल्यासुरल्या पाट्यांवर पिवळी, पुढे केशरी होत जाणारी फुले दिसतील. करडईच्या संशोधनात सोलापूरचे नाव देशात ज्ञात आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या येथील कार्यातून ‘भीमा’, ‘फुले कुसुमा’ यांसारखी वाणे शेतकऱ्यांच्या हाती आली. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने तर बिनकाट्यांचे संकरित वाण काढले.

आणि तरीही करडई मागे पडली. १९८० साली उजनीचे धरण पूर्ण झाले, पाणी आले, उसाचे राज्य सुरू झाले. जेथे पाणी नाही तेथे हरभऱ्याने जागा घेतली. काट्यांमुळे काढणीला मजूर मिळेनात, मावा किडीने जीव नकोसा केला. १९९४ साली पामतेलाची आयात खुली झाली आणि स्वस्त पामतेलापुढे घाण्याच्या तेलाचा निभाव लागेना. देशात एकेकाळी काही लाख हेक्टरांवर असलेले हे पीक आज त्याच्या लहानशा अंशावर आले आहे. उसाला आमचा विरोध नाही. त्याच्या गुळावाचून आमचा तीळगूळ होणार नाही. परंतु जे पीक पाटाच्या पाण्यावाचून येते, त्याचे तेल बाजारात दुर्मिळ व्हावे आणि परदेशातून जहाजाने येणाऱ्या कच्च्या तेलाचा अर्क आपल्या लेकरांच्या डोक्यावर थापला जावा, हे अवर्षणप्रवण जिल्ह्याला शोभणारे नाही.

हे तेल अंगाला लावण्यास योग्य तरी आहे काय? करडईच्या रूढ वाणांच्या तेलात सुमारे तीन चतुर्थांश भाग लिनोलेइक नावाच्या स्निग्ध आम्लाचा असतो. त्वचेचा बाहेरचा पापुद्रा सांधून ठेवण्यास हे आम्ल उपयोगी पडते. याच आम्लाने समृद्ध असलेल्या सूर्यफुलाच्या तेलावर बांगलादेशात ढाक्याच्या शिशु रुग्णालयात एक मोठा अभ्यास झाला. दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या बाळांना काहींना सूर्यफुलाचे तेल, तर काहींना पेट्रोलियमवर आधारलेले मलम हलक्या हाताने लावण्यात आले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, काहीच न लावलेल्या बाळांच्या तुलनेत तेल लावलेल्यांमध्ये मृत्यू २६ टक्क्यांनी, तर मलम लावलेल्यांमध्ये ३२ टक्क्यांनी कमी झाले. मलमही उपयोगीच ठरले, हे आम्ही लपवीत नाही. परंतु शेतातील एक साधे, स्वस्त तेल कारखान्याच्या मलमाच्या इतके जवळ येऊन उभे राहते, ही बाब आमच्या मते फार मोलाची आहे. ते बीज करडईचे नव्हते, सूर्यफुलाचे होते. तथापि स्निग्ध आम्लांच्या दृष्टीने दोघे सख्खे शेजारी. मोहरीच्या तेलाला मात्र तान्ह्या त्वचेसाठी तज्ज्ञ चांगले म्हणत नाहीत. म्हणजे वनस्पतीचे तेवढे सारे सारखेच, असेही नाही.

करडईच्या तेलाचा एक दोष सांगितलाच पाहिजे. हवेत ते हळूहळू चिकट होत जाते. जुन्या काळी तेच तेल उकळून त्याचे रोगण करीत. तेव्हा वर्षाचा डबा भरून ठेवण्याची सवय येथे उपयोगाची नाही. महिना-दीड महिन्यापुरतेच घ्यावे, गडद बाटलीत, उन्हापासून दूर ठेवावे. खवट वास येऊ लागला तर अंगालाही लावू नये. खनिज तेलाची बाटली तीन वर्षे टिकते, हे तिचे मोठेपण म्हणून सांगितले जाते. ताज्या भाकरीशी शिळेपणाची स्पर्धा लावण्यासारखेच ते आहे.

आता हळदीकुंकवाकडे येऊ, कारण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी तोच सोहळा आहे. कुंकू म्हणजे वस्तुतः हळदच. हळकुंडांना लिंबाचा रस व टाकणखार यांचा संस्कार देऊन वाळविले व दळले की पिवळ्याचे लाल होते. आपल्या जिल्ह्यातील पंढरपुरात कुंकू, बुक्का व अष्टगंध सिद्ध करण्याचा व्यवसाय पिढ्यानुपिढ्या चालत आला आहे आणि सांगलीच्या हळदीला तर २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. म्हणजे कच्चा मालही जवळचा, कारागीरही जवळचे. असे असता बाजारातील स्वस्त कुंकवात पुष्कळदा हळदीऐवजी पांढरी भुकटी व कृत्रिम रंग असतो. हे रंग आरंभी दगडी कोळशाच्या डांबरातून काढले जात, पुढे त्यांचा कच्चा माल खनिज तेलातून येऊ लागला. सोलापूरला रंगाचे काय सांगावे? चादरी विणणाऱ्या या गावाला सुताचा रंग आणि कातडीचा रंग यांतील भेद चांगला कळतो. जो रंग चादरीवर बसावा म्हणून केला, तो कपाळावर बसावा असा हट्ट कशाला?

त्याचे परिणामही नोंदले गेले आहेत. अशा रंगांमुळे कपाळावर खाज सुटणे, काळपट डाग पडणे हे त्वचारोगतज्ज्ञांना नित्याचे आहे. टिकलीचा प्रकार याहून गंभीर. काही टिकल्यांच्या डिंकात पॅरा-टर्शरी-ब्यूटिल-फिनॉल नावाचे पेट्रोलियमजन्य द्रव्य असते आणि त्यामुळे टिकलीच्या जागी त्वचेचा रंग कायमचा उडून पांढरा डाग राहिल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात भरपूर आहेत. सौभाग्याचे लेणे म्हणून जे लावावे, त्याने कपाळावर कोडासारखा डाग उठावा आणि त्या स्त्रीने लोकांच्या नजरा चुकवीत फिरावे, यापरते दुःख कोणते? टिकली लावूच नये, असे आमचे म्हणणे नाही. परंतु जागा लालसर झाली, खाजू लागली, की त्याच दिवशी ती सोडून द्यावी व वैद्याला दाखवावे. दुसऱ्या रंगाची टिकली लावून डाग झाकीत बसू नये.

आपल्या आज्या कपाळावर आधी मेणाचे बोट टेकवीत आणि त्यावर कुंकू रेखीत. करंड्यातील ते मेण मधमाशांच्या पोळ्याचे असे. (आज आपण जिला मेणबत्ती म्हणतो तीत बहुधा पॅराफिन असते, मेण फक्त नावापुरते राहिले.) असे खरे मेण आजही मिळते. महाबळेश्वरच्या परिसरात मधमाशापालनाचा उद्योग जुना आहे आणि तेथील मांघर हे खेडे २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले. एक भाग मेण व चार भाग तिळाचे वा करडईचे तेल मंद आचेवर, पाण्याच्या पातेल्यात वाटी ठेवून वितळविले की ओठांना व हातांना लावण्याजोगे मलम तयार होते. मेण थोडे अधिक घातले तर घट्ट, थोडे कमी घातले तर मऊ. यात पाण्याचा थेंब पडू देऊ नये, म्हणजे बुरशी येत नाही.

टाचांच्या भेगांसाठी कोकणाकडे पाहावे. रातांब्याच्या बियांतून निघणारे घट्ट पांढरट तेल तिकडे कोकम तेल किंवा मुठेल म्हणून प्रसिद्ध आहे. साधारण अंगाच्या उष्णतेला ते वितळते, त्यामुळे पौषाच्या थंडीत त्याची वडी कडक राहते आणि पायावर घासली की पाघळते. पेट्रोलियम जेलीचे काम करणारा याहून चांगला देशी पदार्थ आमच्या पाहण्यात नाही. सोलापूरच्या वैशाखात मात्र त्या वडीचे तेल होईल, हे ध्यानी ठेवून ती झाकणाच्या डबीत ठेवावी.

ओठांच्या लालीबद्दलही एक गंमत सांगण्यासारखी आहे. आपल्या करडईच्या फुलांच्या पाकळ्यांत लाल रंग असतो. संस्कृतात ती ‘कुसुंभ’ आणि तिच्यात रंगविलेले वस्त्र कुसुंबी. जपानमध्ये याच पाकळ्यांपासून ‘बेनी’ नावाची ओठांची लाली शतकानुशतके केली जाते आणि आजही ती मोठ्या मानाने विकली जाते. आपण मात्र पाकळ्या शेतातच गळू देतो आणि खनिज तेलातून आलेला रंग ओठांना लावतो. एखाद्या महिला बचत गटाने याचा विचार करावा, अशी आमची सूचना आहे.

इतके लिहिल्यावर दुसऱ्या बाजूनेही सावध करणे आमचे कर्तव्य ठरते. ‘नैसर्गिक’ या शब्दाची सध्या जत्रा भरली आहे. बाटलीवर हिरवे पान छापले की आतले सारे पवित्र झाले, असे समजणे भोळेपणाचे होईल. हळद निसर्गाचीच, पण तिचा पिवळेपणा वाढविण्यासाठी शिशाचा क्रोमेट मिसळल्याचे प्रकार उघडकीस आले आहेत. म्हणून हळकुंडे आणून घरी किंवा ओळखीच्या गिरणीत दळणे बरे. रिठा व शिकेकाई केसांना उत्तम, परंतु डोळ्यांत गेली तर आग आग होते. लिंबाचा रस तोंडाला चोळून उन्हात जाऊ नये, कातडी भाजल्यासारखी होते. घरचे काजळ तुपाच्या दिव्याचे असले तरी ती काजळीच. तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत ते घालू नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. तसेच बाळाच्या नाकात तेलाचे थेंब सोडण्याची रीत बंद व्हावी. ते फुप्फुसात उतरले तर घातक ठरते. याबाबतीत तिळाचे तेल आणि खनिज तेल यांत डावे-उजवे नाही.

परीक्षा कशी करावी, असे भगिनी विचारतील. कुंकवाची चिमूट पेलाभर थंड पाण्यात न ढवळता टाकावी. पाण्यात लाल धागे झरझर उतरू लागले तर कृत्रिम रंगाची शंका घ्यावी. हळदीचा रंग पाण्यात सहसा असा सुटत नाही. खोबरेल तेलाची परीक्षा सोलापूरची जानेवारी आपणहून घेते. पहाटेच्या गारठ्यात शुद्ध खोबरेल थिजून पांढरे होते. ‘खोबरेल’ म्हणून आणलेले तेल अशा पहाटेही बाटलीत पाण्यासारखे हलत असेल, तर त्यात दुसरे काहीतरी मिसळलेले आहे, हे उघड. तीळ व करडई मात्र या थंडीत थिजत नाहीत, त्यांना ही कसोटी लावू नये. त्यांच्यासाठी घाण्यावर स्वतः जाणे हाच मार्ग. लाकडी घाणे आता शहरात पुन्हा दिसू लागले आहेत. बी डोळ्यांसमोर घाण्यात पडते आणि तेल डोळ्यांसमोर निघते. यादी वाचण्याचे कामच उरत नाही.

हळदीकुंकवाला वाण लुटावयाचे असते. गेली कित्येक वर्षे आपण प्लास्टिकच्या डब्या, गाळण्या, टिकल्यांची पाकिटे, सुगंधी मलमांच्या चिमुकल्या नळ्या लुटीत आलो आहोत. त्यांतील बऱ्याच वस्तू दुसऱ्या घरच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून पुढे सरकतात, हे सर्वांना ठाऊक आहे व कोणी बोलत नाही. त्याऐवजी यंदा घाण्याच्या तेलाची छटाकभराची काचेची बाटली, कोकमाची एक वडी किंवा हळदीच्या खऱ्या कुंकवाची पुडी द्यावी. खर्च फारसा वाढणार नाही आणि आलेल्या सुवासिनीला घरी गेल्यावर त्या वस्तूचे काय करावे, असा प्रश्न पडणार नाही. चाळीतल्या पाच-सात घरांनी मिळून घाण्यावर एकदम मागणी नोंदविली तर भावही बरा पडतो आणि घाणेवाल्यालाही बी कोणाकडून घ्यावे, याचा अंदाज येतो. ज्यांचे सोयरे गावाकडे शेती करतात, त्यांनी सणाच्या निमित्ताने करडईचे दोन पाटे पुढील रब्बीत टाकण्याविषयी त्यांच्याकडे शब्द टाकावा. गिऱ्हाईक दारात उभे आहे असे दिसले, तर काट्यांची तक्रार शेतकरी फारशी करीत नाही. आणि बिनकाट्यांचे वाणही आता आहेच.

करडईची काढणी माघ-फाल्गुनात होते. नवे बी घाण्यावर येईपर्यंत यंदाचे वाण तिळाच्या तेलाचे ठेवावे. रथसप्तमीपर्यंत ते सहज पुरते.